काच जपली जाते, हमालाचे काय?

यंत्र आले की हमालाचे ओझे उतरते; ओझे उतरले की हमाल उरत नाही; आणि हमालच उरला नाही तर त्याच्या संरक्षणाचा कायदा हवा कशाला? अशी तर्कशृंखला उद्योजकांच्या वर्तुळात मोठ्या आत्मविश्वासाने मांडली जाते. तिच्यातील पहिले विधान खरे आहे, दुसरे अर्धसत्य आहे, आणि तिसरे निखालस खोटे आहे. काचेच्या वाहतुकीचे उदाहरण घेतले म्हणजे हे उघड होते.

पिल्किंग्टन कंपनीने १९५९ साली जाहीर केलेल्या फ्लोट पद्धतीत वितळलेली काच कथिलाच्या रसावर पसरून तिचा सलग पट्टा काढतात. त्यातून कापलेला मोठा तक्ता ६ मीटर लांब व ३.२१ मीटर रुंद असतो. एक चौरस मीटर काचेचे वजन दर मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो. म्हणजे ६ मिलिमीटर जाडीचा एकच तक्ता सुमारे २९० किलोंचा! असे अनेक तक्ते लोखंडी घोडीला टेकवून, किंचित कलते, कडेवर उभे ठेवावे लागतात. कल चुकला तर एक तक्ता पडत नाही, सगळी चळत कोसळते; आणि ती सावरण्यासाठी स्वाभाविकपणे हात पुढे करणारा माणूस तिच्याखाली सापडतो.

साधा फोर्कलिफ्ट हा लांबलचक माल आडवा धरून चालतो, त्यामुळे त्याला सहा मीटरांहून रुंद वाट लागते. म्हणून बाजूने माल उचलणारे, चाके काटकोनात वळवून कोणत्याही दिशेला सरकणारे खास फोर्कलिफ्ट निघाले. जर्मनीतील हुबटेक्स ही कंपनी १९८१ पासून आणि आयर्लंडमधील कॉम्बिलिफ्ट १९९८ पासून अशी यंत्रे बनविते. त्यांच्या जोडीला मधला आस नसलेले ट्रेलर आले. ट्रेलर मागे सरकून भरलेली घोडी पोटात घेतो, उचलतो आणि चालू लागतो. एकटा चालक काही मिनिटांत टनावारी काच भरतो.

या यंत्रांना विरोध करणे हे कामगारहिताचे नाही. २९० किलोंचा तक्ता माणसांच्या हातांवर राहावा, असे म्हणणारी संघटना रोजगाराच्या नावाखाली अपघाताचेच रक्षण करीत असते. प्रश्न यंत्र असावे की नसावे हा नाही. यंत्र कोठवर येते आणि त्याचा लाभ कोणाच्या पदरात पडतो, हा आहे.

यंत्र कारखान्याच्या आवारात येते, मोठ्या वितरकाच्या गोदामापर्यंत जाते आणि तेथे थबकते. पुढे तालुक्याच्या गावी, अरुंद गल्लीतील दुकानात तीच काच हातांनी उतरविली जाते. आठ फूट बाय सहा फूट आकाराचा, ५ मिलिमीटर जाडीचा तक्ता सुमारे ५६ किलो भरतो. एका प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या ओझ्याबाबत आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ च्या शिफारशीत ५५ किलोंची मर्यादा सांगितली होती. या तक्त्याला धड पकड नसते आणि धार मात्र चारही बाजूंना असते. हमालाजवळ संरक्षणाचे साधन काय, तर रबराचा तुकडा किंवा फडके!

हे मागासलेपणामुळे घडते काय? नव्हे, हे हिशेबाने घडते. इंग्लंडमध्ये कालव्यातील नावा ओढण्यास घोड्यांऐवजी कधीकधी बायका जुंपल्या जात, कारण त्या घोड्यांपेक्षाही स्वस्त पडत, असे मार्क्सने ‘कॅपिटल’मध्ये नोंदविले आहे. नियम तोच आहे. जेथे माणूस स्वस्त, तेथे यंत्र महाग ठरते. फुटलेल्या काचेची नोंद मालकाच्या खतावणीत होते. तुटलेल्या मनगटाची नोंद फक्त हमालाच्या घरात होते.

कायद्याची दिशाही उलटी आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या १० कामगारांवरून २० वर नेली, आणि कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदींची मर्यादा २० वरून ५० वर नेली. यंत्रामुळे माणसे कमी होणार आणि माणसे कमी म्हणून कायदा लागू होणार नाही! फोर्कलिफ्टचा चालक लहान कंत्राटदाराचा नोकर ठरला, की तोही या तरतुदींच्या बाहेर. महाराष्ट्राच्या १९६९ च्या माथाडी कायद्याचा आधार म्हणूनच मोलाचा आहे. पण त्यातील लेव्ही मजुरीच्या प्रमाणात बसते. मजुरी आटली की भविष्यनिर्वाह निधी व उपदान यांचा झराही आटतो.

म्हणून कार्यकर्त्यांनी तीन मागण्या धरून बसले पाहिजे. पहिली, लेव्ही मजुरीवर न बसता हलविलेल्या मालाच्या टनावर बसावी. मग माल माणसाने हलवो की यंत्राने. दुसरी, फोर्कलिफ्ट चालविण्याच्या प्रशिक्षणावर आणि नोकरीवर त्याच ठिकाणच्या हमालाचा पहिला हक्क असावा. तिसरी, लोहियांनी ज्या लघुयंत्राचा आग्रह धरला, ते येथे शक्य आहे. काचेला चिकटणारे निर्वात पकडयंत्र, ढकलगाडी, लहान यारी ही साधने गल्लीतल्या दुकानातही मावतात. त्यांचा खर्च दुकानदाराच्या माथी न मारता काच विकणाऱ्या कारखान्याने सोसावा.

गोणीचे वजन ५० किलोंवर आणण्यासाठी हमालांना लढावे लागले. काचेला कडेने धरावे की कोपऱ्याने, याचे नियम कारखानदारांनी आपणहून केले. कोणाची किंमत कोणी ठरविली आहे, हे यावरून कळते. ती किंमत बदलणे, हेच चळवळीचे काम.