तीस टक्क्यांचा हिशेब

बँकेच्या नोकरीत मी छत्तीस वर्षे काढली. या काळात किती कागदांवर साक्षीदार म्हणून सही केली याची मोजदाद नाही. गहाणखते, जामीनपत्रे, वारसांचे अर्ज. सही करावी आणि विसरून जावे, असाच तो मामला असतो. त्यातली एक सही मात्र मी विसरू शकलेलो नाही.

१९९८ सालची गोष्ट. मी पाटण तालुक्यातल्या एका शाखेत अधिकारी होतो. एका सुताराने लाकूड कापायच्या यंत्रासाठी चाळीस हजारांचे कर्ज मागितले होते. मंजूर झाले, यंत्र आले, आणि ते पाहून यायचे म्हणून मी आणि मिस्त्री भाड्याच्या जीपने निघालो. कराड-चिपळूण रस्त्यावर समोरून येणाऱ्या ट्रकने वळणावर आपली बाजू सोडली. जीपचा ड्रायव्हर थोडक्यात वाचला. माझा डावा खांदा आणि हात मोडला, मिस्त्रींचे उजवे मनगट चिरडले गेले.

आम्ही दोघे एकाच इस्पितळात, शेजारच्या खाटांवर होतो. वय दोघांचेही अडतीस. काही महिन्यांनी डॉक्टरांनी अपंगत्वाचे दाखले दिले. गंमत म्हणावी की काय, दोन्ही दाखल्यांवर आकडा एकच होता : तीस टक्के.

मला रजा होती, पगार चालू होता, इस्पितळाचे बिल बँकेने भरून दिले. सही करायचा माझा उजवा हात शाबूत होता. चार महिन्यांनी मी पुन्हा खुर्चीवर बसलो. डावा हात डोक्याच्या वर जात नाही, एवढेच काय ते माझे तीस टक्के.

मिस्त्रींच्या उजव्या हाताची मूठच वळेना. रंधा मारायला दोन्ही हात लागतात. पटाशी एका हातात धरायची आणि दुसऱ्याने ठोकायचे, हे त्यांना जमेना. यंत्रावर फळी दाबून धरण्याइतका जोरही उरला नव्हता. ट्रकमालक एके दिवशी गावातल्या दोन वजनदार माणसांना घेऊन आला आणि पंधरा हजार रुपये देऊ केले. मिस्त्री मला म्हणाले, "साहेब, तुम्ही म्हणाल तसं. पण कोर्टाची पायरी नको वाटते." मीही म्हणालो, "मिस्त्री, मिळतंय ते घ्या. कोर्टात वर्षं जातील." कागद तयार झाला. त्यात लिहिले होते की, आता कसलीही तक्रार उरलेली नाही आणि पुढे कोणताही हक्क सांगणार नाही. खाली त्यांचा अंगठा, कारण सही करता येत नव्हती. आणि साक्षीदार म्हणून मी.

दोन वर्षांनी त्यांचे कर्ज थकीत झाले. वसुलीची नोटीस गेली, तिच्यावरही माझीच सही होती.

कायद्याची पुस्तके वाचून मला माझी चूक कळली, असे नाही. ती बँकेतच कळली. पुढे मी जिल्ह्याच्या ठिकाणी बदलून गेलो. तिथे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाच्या आदेशाने ठेवलेल्या मुदत ठेवी येत. निरक्षर जखमी माणूस किंवा अज्ञान वारस यांची भरपाई कोणी लुबाडू नये, म्हणून ती दीर्घ मुदतीच्या ठेवीत ठेवावी, तिच्यावर कर्ज देऊ नये, व्याज मात्र दरमहा हातात द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेले आहे. त्या पावत्यांबरोबर निकालाच्या प्रती असत. त्या वाचताना माझ्या लक्षात आले की, शरीराच्या इजेचा हिशेब डॉक्टरांच्या दाखल्यावर संपत नाही. तिथून तो सुरू होतो.

२०१० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे फार स्वच्छ मांडले आहे. दाखल्यावरची टक्केवारी पुष्कळदा त्या एका अवयवाची असते. न्यायाधिकरणाने तीन गोष्टी पाहायच्या. या इजेनंतर माणूस काय करू शकतो आणि काय करू शकत नाही. अपघातापूर्वी तो कोणते काम करत होता आणि त्याचे वय काय. आणि आता तो त्याच कामावर किंवा दुसऱ्या कशावर पोट भरू शकेल का. डावा हात गमावलेल्या ड्रायव्हरचे किंवा सुताराचे कमाईचे नुकसान जवळजवळ शंभर टक्के असू शकते. सरकारी कारकुनाची नोकरी टिकली तर कमाईचे नुकसान शून्यही असू शकते. हे उदाहरण त्या निकालातलेच आहे. मी ते वाचले तेव्हा इस्पितळातल्या दोन खाटा डोळ्यांसमोर आल्या.

आता बँकवाल्याच्या सवयीने आकडेमोड करतो. आजचा अडतीस वर्षांचा सुतार धरा, महिना पंधरा हजार कमावणारा. चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारीच्या उत्पन्नात पुढच्या वाढीपोटी ४० टक्के धरावेत, असे घटनापीठाने २०१७ मध्ये मृत्यूच्या दाव्यात ठरवले. कायम अपंगत्वाच्या दाव्यातही ही वाढ मिळू शकते. म्हणजे महिना एकवीस हजार, वर्षाला २ लाख ५२ हजार. छत्तीस ते चाळीस या वयोगटाला गुणक १५. नुकसान तीस टक्के धरले, तर रक्कम येते ११ लाख ३४ हजार. हात पाहून, धंदा पाहून सत्तर टक्के धरले, तर २६ लाख ४६ हजार. मनगट तेच, दाखला तोच. फरक पंधरा लाखांचा, आणि तो पडतो फक्त 'हा माणूस करत काय होता' या एका प्रश्नामुळे.

याखेरीज उपचार, औषधे, येणे-जाणे, सकस आहार, बुडालेली मजुरी, पुढची शस्त्रक्रिया, सोसलेल्या वेदना आणि आयुष्यातून गेलेले सुख हे निरनिराळे रकाने असतात. आपल्याकडे "दुखण्याचे कसले पैसे मागायचे?" असा एक संकोच असतो. कायद्याला तो नाही. घरकाम करणाऱ्या बाईच्या श्रमालाही मोल आहे, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. 'नोकरी नाही, म्हणून नुकसान नाही' हे म्हणणे तिथे टिकत नाही.

कोणी म्हणेल, या दाव्यांत खोटेपणाही फार चालतो. चालतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण म्हणूनच खऱ्या जखमीचे कागद पक्के हवेत. एफआयआर आणि पंचनाम्याची प्रत, पहिल्या दिवसापासूनची इस्पितळाची कागदपत्रे, औषधांची प्रत्येक पावती, आणि कमाईचा जो असेल तो पुरावा. मिस्त्रींकडे गिऱ्हाइकांच्या नोंदींची एक वही होती. बँकेत कर्ज देताना मी ती पाहिली होती आणि तिच्यावरूनच त्यांची कमाई धरली होती. कर्ज द्यायला चाललेली ती वही भरपाई मागायला चालेल, हे माझ्या ध्यानात आले नाही.

डॉक्टरांनीही नुसता आकडा लिहून थांबू नये. टक्केवारी अवयवाची की सबंध शरीराची, आणि रुग्णाला कोणती हालचाल जमत नाही, हे लिहावे. उपचार करणारे डॉक्टर साक्षीला येण्याचे टाळतात, हे आपल्याकडचे मोठे दुखणे आहे.

मुदतीचेही सांगितले पाहिजे. १९९४ च्या दुरुस्तीने मुदतीची अट काढून टाकली होती. म्हणजे मिस्त्रींचा दावा पुढेही करता आला असता. तसला खासगी कागद न्यायाधिकरणाला बांधून ठेवतोच असेही नाही. मी तो एखाद्या वकिलाला दाखवायला हवा होता. २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत पुन्हा आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून ती लागू झाली. ज्याचा पाय सहा महिने प्लास्टरमध्येच आहे, त्याच्यावर हा अन्याय आहे, असे माझे मत आहे. तिच्या वैधतेला न्यायालयात आव्हानही दिले गेले आहे. पण जखमीने त्या भरवशावर राहू नये. दावा अपघाताच्या ठिकाणी करता येतो, तसा स्वतःच्या राहत्या ठिकाणीही करता येतो.

त्याच कायद्यात आणखी एक सोय आहे. चूक कोणाची हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख रुपये मिळू शकतात. रक्कम लवकर मिळते, पण ती स्वीकारली की न्यायाधिकरणापुढचा दावा संपतो. कोणाला ती पुरेल, कोणाला नाही. पण सही करण्यापूर्वी तिशी-सत्तरीचा वरचा हिशेब एकदा मांडून पाहावा. तडजोड वाईट नसते. लोकअदालतीत ती रीतसर होते आणि जखमीची वर्षे वाचतात. उपचार संपायच्या आत, अपंगत्व किती राहणार हे कळायच्या आत घरी येऊन केलेली तडजोड मात्र बहुधा दुसऱ्याच्या सोयीची असते.

निवृत्तीनंतर, २०२१ मध्ये, मी मिस्त्रींच्या गावी गेलो होतो. यंत्र कधीच विकले गेले होते. मुलाने सुतारकी न शिकता पुण्याची वाट धरली होती. मी त्यांना सगळे सांगितले, त्या कागदाचेही. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "साहेब, तुम्ही काय मुद्दाम केलं नाही. पण तुम्हालाच ठाऊक नव्हतं, तर आम्ही कुणाला विचारायचं होतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. गावात ज्याला चार कागद कळतात अशा शिक्षकाला, ग्रामसेवकाला, बँकेतल्या माणसाला असा प्रश्न आजही कोणीतरी विचारत असेल. त्याने माझ्यासारखे "मिळतंय ते घ्या" म्हणू नये. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता द्यावा, जमल्यास सोबत जावे, आणि साक्षीदाराची सही तोवर राखून ठेवावी.