शेरा एका ओळीचा

‘नमुना अपुरा. संदर्भ अपुरे. नावीन्य नाही. अस्वीकृत.’

मंडळी, मोजून सात शब्द. एका शिक्षण परिषदेकडे पाठवलेल्या संशोधन प्रस्तावाला आलेलं हे उत्तर. प्रस्ताव पाठवणारी जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला शिकवते. कधीकाळी माझ्या वर्गात होती, म्हणून "सर, एकदा बघून द्या ना" म्हणत तिने तो मला दाखवला. परिषद कोणती ते सांगत नाही, कारण हे दुखणं एका परिषदेचं नाही. असले शेरे मी बऱ्याच तरुण शिक्षकांच्या हातात पाहिलेत.

तिचा विषय आधी सांगतो, नाहीतर राग कशाचा ते कळायचं नाही. ‘त्रेसष्ट लिहा’ म्हटलं की दुसरीतली कितीतरी पोट्टी ३६ लिहितात. का? कारण मराठीत आधी तीन ऐकू येतात आणि मागाहून साठ. कानाला जे आधी आलं ते हाताने आधी लिहिलं, इतकं सरळ आहे ते! तिच्या वर्गात चोवीस मुलं. तीन महिने रोज दहा संख्या सांगायच्या, काही ‘त्रेसष्ट’ अशा आणि काही ‘साठ तीन’ अशा, आणि कोणत्या चुका कमी होतात, कोणत्या तशाच राहतात याची नोंद ठेवायची. घरी आजी-आजोबा जुन्याच पद्धतीने आकडे बोलतात, त्याचा मुलाच्या डोक्यात गोंधळ होतो की नाही, हेही बघायचं. झाला प्रस्ताव. चार पानं, स्वच्छ मराठीत.

आता ‘नावीन्य नाही’ म्हणे! २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘साठ तीन’ असं वाचन दिलं तेव्हा काय गहजब झाला होता आठवतंय ना? डॉ. मंगला नारळीकर गणित समितीच्या प्रमुख होत्या. जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांनी लहान मुलं अडखळतात, हे बाई शांतपणे समजावून सांगत होत्या. जुने शब्दही पुस्तकात होतेच, काढलेले नव्हते. पण ते पान उघडून बघणारे किती होते? चहाच्या टपरीपासून विधानसभेपर्यंत विनोद झाले. दुसरीतल्या पोराची वही समोर ठेवून बोलणारा मात्र एखादाच. बाई २०२३ मध्ये गेल्या. ज्या प्रश्नावर सगळा महाराष्ट्र न मोजता भांडला तो प्रश्न एक शिक्षिका मोजायला निघते, आणि तज्ज्ञ म्हणतात यात नवीन काय!

‘नमुना अपुरा’ ही तर आता शिक्षणक्षेत्रातली आरतीच झाली आहे. कशासाठी अपुरा, हे कोणी सांगेल का? चोवीस मुलांवरून सगळ्या महाराष्ट्राचा निष्कर्ष काढणार असती तर अपुराच होता. पण ती तसं म्हणतच नव्हती. माझ्या वर्गात काय घडतं ते बारकाईने बघते, एवढंच तिचं म्हणणं. कृतिसंशोधन म्हणतात ते हेच ना? बी.एड.च्या मुलांना आपण तेच शिकवतो, आणि पुढे शिक्षक होऊन त्यांनी ते खरोखर केलं की नमुना लहान म्हणून परत पाठवतो. परीक्षकाने तिचा प्रस्ताव वाचलाच नाही. त्याने स्वतः लिहिला असता तो मनातला प्रस्ताव वाचला, आणि हा तसा नाही म्हणून नापास केला.

तिच्या प्रस्तावात दोष नव्हते असं मी म्हणत नाही. होते, आणि चांगले ठळक होते. शिकवणारीही तीच, तपासणारीही तीच. सुरुवातीला मुलांना किती येतं याची आधीची चाचणी नाही. दोन्ही पद्धती एकाच मुलाला एकाच दिवशी दिल्या तर फरक कशामुळे पडला हे कसं कळणार? हे सगळं परीक्षकाला दिसायला हवं होतं. दिसलं असेलही. मग लिहायचं की! ‘शेजारच्या शाळेतल्या बाईंकडून संख्या सांगून घ्या. पहिल्या आठवड्यात नुसती चाचणी घ्या. एक पंधरवडा एक पद्धत, दुसरा पंधरवडा दुसरी.’ तीन वाक्यं. आणि ‘संदर्भ अपुरे’ असतील तर कोणते हवे होते त्यातले दोन तरी सांगा. दहेगावच्या किंवा गिरोलीच्या मास्तराला विद्यापीठाचं ग्रंथालय घराशेजारी नसतं, बापा.

माझं आयुष्य उत्तरपत्रिका तपासण्यात गेलं. बोर्डाच्या पेपरला परीक्षकावर नियामक असतो, त्याच्यावर मुख्य नियामक. कोणत्या मुद्द्याला किती गुण हे आधी ठरलेलं असतं. एवढं असूनही चुका होतात, म्हणून गुणपडताळणी असते. २०११ साली तर सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तपासलेली उत्तरपत्रिका बघायला मागण्याचा परीक्षार्थीला माहितीच्या अधिकारात हक्क आहे. परीक्षकाचं नाव मात्र उघड करायचं नाही. किती शहाणपणाची वाटणी आहे बघा! तपासणाऱ्याला संरक्षण, आणि ज्याचं तपासलं त्याला कारण कळण्याचा हक्क. दहावीच्या पोराला जे मिळतं ते त्याच्या शिक्षकाला परिषदेत का मिळू नये?

नावावरून आठवलं. अमेरिकेत पीटर्स आणि सेसी या दोघा मानसशास्त्रज्ञांनी एक खोडसाळ प्रयोग केला होता, १९८२ साली तो छापून आला. नामांकित विद्यापीठांतल्या लोकांचे, आधीच प्रसिद्ध झालेले १२ लेख घेतले. लेखकांची आणि संस्थांची नावं बदलून कोणाला माहीत नसलेली नावं घातली आणि लेख पुन्हा त्याच नियतकालिकांकडे पाठवले. फक्त ३ ओळखले गेले. उरलेल्या ९ पैकी ८ नापसंत! आणि कारण काय, तर बहुतेकांच्या संशोधनपद्धतीतच म्हणे गंभीर दोष. लेख तेच, नियतकालिकं तीच, वरचं नाव तेवढं वेगळं. आपल्याकडे असा प्रयोग केला तर काय निघेल, याचा विचार करूनच मला हसू येतं. प्रस्तावावर ‘जि. प. प्राथमिक शाळा’ वाचून ज्यांची भुवई वर जाते त्यांच्या हाती पहिलं पान देऊच नये. लिहिणाऱ्याचं नाव झाका, शाळेचं झाका, मग वाचायला द्या. खर्च शून्य.

याच्या उलट टोकाचाही एक प्रकार आहे, आणि तो मला जास्त घातक वाटतो. शुल्क भरा, प्रस्ताव मंजूर! शेरा ‘उत्कृष्ट’. २०१० साली यूजीसीने प्राध्यापकांच्या बढतीसाठी एपीआयचे गुण आणले, त्यात परिषदेत वाचलेल्या निबंधालाही गुण होते. मग गावोगावी परिषदा उगवल्या. पिशवी, पेन, जेवण आणि प्रमाणपत्र. तिथे कोणालाच काही नाकारत नाहीत म्हणजे मोठं मन आहे असं समजू नका. तिथेही वाचलेलं नसतंच. न वाचता नाकारणं आणि न वाचता स्वीकारणं, दोन्हीत लिहिणाऱ्याचे तीन महिने सारखेच वाया जातात.

आणि हे सगळं कुठे चाललंय? आमच्या वर्धा जिल्ह्यात, जिथे प्रस्ताव कसा तपासावा याचा वस्तुपाठ एकदा होऊन गेला आहे! २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. आमच्या देवळीपासून एस.टी.ने तासाभराच्या आतलं अंतर. प्रस्ताव मांडणारे साक्षात गांधीजी, अध्यक्षही तेच. उद्योगातून शिक्षण, आणि त्या उद्योगातून शाळेचा खर्च निघावा, असं त्यांचं म्हणणं. ‘वा महात्माजी’ म्हणून उठायला काय हरकत होती? पण डॉ. झाकिर हुसेन यांनी तोंडावर सांगितलं की कामातून शिक्षण ही कल्पना नवी नाही, आणि स्वावलंबनावर फार भर दिला तर धोका आहे. प्रा. के. टी. शहा तर अर्थशास्त्रज्ञच, शाळेत तयार झालेला माल कारागिरांच्या पोटावर येईल ही त्यांची हरकत. म्हणजे आजच्या भाषेत ‘नावीन्य नाही’ हा शेरा गांधीजींनाही मिळाला! फरक एवढाच की तो कारणासकट मिळाला आणि त्यावर बोलणं संपलं नाही.

पुढे काय झालं ते बघा. ठरावात उद्योगातून शिक्षकांचा पगार ‘हळूहळू’ निघू शकेल अशी अपेक्षा व्यक्त झाली. आराखडा करायला जी समिती नेमली तिचे अध्यक्ष झाकिर हुसेन, आणि सदस्यांत के. टी. शहाही. ज्यांनी खोट काढली त्यांच्याच हाती काम दिलं. २ डिसेंबरला, म्हणजे सहा आठवड्यांच्या आत, समितीचा अहवाल तयार. नई तालीम पुढे का मागे पडली हा वेगळा विषय आहे, त्यावर कधीतरी लिहीन.

परीक्षक मंडळी म्हणतात, ‘वेळ नसतो हो, ढीग येतो.’ मान्य. मानधन नाही, आभाराचं पत्रही धड येत नाही, हेही मान्य. पण चार पानं वाचून चार ओळी लिहायला अर्धा-पाऊण तास पुरतो, हे मी गठ्ठेच्या गठ्ठे तपासलेल्या माणसाच्या हिशेबाने सांगतो. वीस प्रस्ताव होत नसतील तर आयोजकांना सांगून पाच घ्यावेत. पाचही जमत नसतील तर निमंत्रणपत्रिकेत ‘तज्ज्ञ परीक्षक’ म्हणून आपलं नाव छापू देऊ नये.