निरोप देतो, पोचवत नाही

मार्च महिना आला की आमच्या मालवण किनाऱ्यावरच्या जिल्हा परिषद शाळांतून सातवीच्या मुलांचे निरोप समारंभ सुरू होतात. सरपंच येतात, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष बोलतात, मुलं शाळेला भिंतीवरचं घड्याळ भेट देतात, मुली रडतात. 'आता मोठ्या शाळेत जातलास, नाव काढ' असं जो तो सांगतो. मग परीक्षा होते, निकाल लागतो, दाखला हातात पडतो. जूनमध्ये तेच मूल अनोळखी हायस्कूलच्या पायरीवर एकटं उभं असतं. आपण मुलांना निरोप देतो, पण पोचवत नाही, ही माझी तक्रार आहे. प्राथमिक शाळेचं शेवटचं सत्र या पोचवण्यासाठी वापरलं पाहिजे.

जुन्या पिढीला 'सातवी' या शब्दाचं वजन ठाऊक आहे. तेव्हा सातवी म्हणजे 'फायनल'. व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला माणूस प्राथमिक शिक्षक होऊ शकत असे. गावात पत्रं वाचून दाखवणारा आणि अर्ज लिहून देणारा तोच. आज सातवीत काहीच पूर्ण होत नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा पहिली ते पाचवी प्राथमिक आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक मानतो. आपल्या शाळा मात्र अजून जुन्या हिशोबाच्या आहेत. कुठे चौथीपर्यंत, कुठे सातवीपर्यंत. हायस्कूल कुठे पाचवीपासून, कुठे आठवीपासून. त्यामुळे सातवीपर्यंतच्या शाळेतलं मूल कायद्याने दिलेलं शेवटचं वर्ष, म्हणजे आठवी, परक्या जागी काढतं. जुनी शाळा म्हणते, आमचं काम संपलं. नवी म्हणते, पाया कच्चा आहे. मधल्या मध्ये मूल गप्प होतं.

आपल्या जिल्ह्यात हे अंतर जास्त जाणवतं. सिंधुदुर्गची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत ८ लाख ६८ हजारांवर होती, ती २०११ मध्ये ८ लाख ४९ हजारांवर आली. माणसं मुंबईला गेली, गोव्याला गेली, आखातात गेली. वाडीतल्या शाळेत एका वर्गात चार-पाच मुलं उरली. एकच गुरुजी दोन-तीन इयत्ता एका खोलीत शिकवतात. कुणाच्या घरी होडी बंद आहे, कुणाची आजी आजारी आहे, हे सगळं त्यांना माहीत असतं. तिथली मुलगी जूनमध्ये पन्नास जणांच्या वर्गात बसते. दर तासाला बाई बदलतात, सर बदलतात. नाव विचारायलाच महिना जातो. त्यात १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने सहावी ते आठवीला २० पेक्षा कमी मुलं असतील तर तिथे शिक्षक मंजूर न करण्याचा निकष आणला. म्हणजे छोट्या गावातल्या मुलांना ही उडी आणखी लहान वयात मारावी लागेल.

दुसरी उडी भाषेची. घरी मालवणी बोलणारं मूल शाळेत पुस्तकी मराठी शिकतं आणि हायस्कूलला 'सेमी'च्या तुकडीत गेलं की गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. उर्दू शाळेतल्या आमच्या मुलांचं आणखी वेगळं. जवळ उर्दू हायस्कूल नसेल तर सातवीपर्यंत ज्याला 'मुसल्लस' म्हटलं त्याला आठवीत 'त्रिकोण' म्हणायचं, किंवा थेट 'ट्रँगल'. पोराला भूमिती येत असते, शब्द येत नसतो. पण वर्गात हात वर केला नाही की त्याची गणना 'ढ' मुलांत होते. खरं तर बालभारती तीच पुस्तकं उर्दूतही काढते आणि मराठीतही. धडा तोच, चित्र तेच. शेवटच्या सत्रात दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून गणित-विज्ञानाचे शंभरेक शब्द करून घेतले तर अर्धी भीती जाईल. माध्यम कोणतं चांगलं, या वादात आमच्या समाजाने पुष्कळ वर्षं घालवली. त्या वादाचा निकाल लागेपर्यंत यंदाची मुलं थांबू शकत नाहीत.

यावर कुणी म्हणेल, दहावीच्या निकालात कोकण मंडळ दर वर्षी राज्यात पहिलं येतं, २०२५ मध्येही ९८.८२ टक्के लागला, मग रडताय कशाला? अभिमान मलाही आहे. पण हा आकडा परीक्षेला बसलेल्यांचा आहे. आठवीत मागच्या बाकावर सरकलेलं मूल पासही होतं, पण पस्तीस-चाळीस टक्क्यांवर. पुढे सायन्सला जायची हिंमत त्याला होत नाही. 'आपल्याक जमूचा नाय' हे त्याने आठवीतच ठरवलेलं असतं. निकालाच्या टक्केवारीत ही हार दिसत नाही.

मुलींसाठी रस्ता हाही प्रश्नच आहे. अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण मुलींना शाळेसाठी एसटीचा पास फुकट मिळतो, ही चांगली गोष्ट आहे. पण गाडी सुटते कधी, शाळा भरते कधी, संध्याकाळची चुकली तर पुढची कधी, हे जूनमध्ये कळून उपयोग नाही. मार्चमध्येच पाच गावांच्या पालकांनी मिळून आगारात अर्ज दिला तर वेळ बदलून घ्यायला दोन महिने हातात असतात. मुलीचं शिक्षण थांबवायला घरच्यांचा विरोधच लागतो असं नाही. एक चुकीच्या वेळेची गाडीही पुरते.

आणि शेवटी तो दाखला. आपण तो घडी करून ठेवतो, वाचत नाही. माझ्या नात्यातल्या एका मुलीचं नाव जन्मदाखल्यावर एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरं. फरक एका मात्रेचा, पण कॉलेजच्या प्रवेशावेळी तिच्या वडिलांनी हेलपाटे घातले ते वेगळेच. फातिमा-फातेमा, खोबरेकर-खोब्रेकर, चूक कुणाच्याही घरी होते. मूल शाळेत असताना मुख्याध्यापकांकडे पुराव्यासह अर्ज करणं सोपं, दाखला निघाल्यावर अवघड. जातीच्या नोंदीचंही तसंच. ओबीसीच्या पडताळणीत १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात, आणि तो पुष्कळदा आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरातच सापडतो. आज गुरुजी लिहितात ती ओळ उद्या नातवंडांना लागेल.

म्हणून माझी सूचना साधी आहे. समारंभ करा, घड्याळही द्या. पण त्याआधी फेब्रुवारीत एक दिवस सातवीच्या मुलांना हायस्कूलमध्ये नेऊन वर्गात बसवा. तिथल्या शिक्षकांनी एकदा वाडीतल्या शाळेत यावं, मुलांना नावाने ओळखावं. गुरुजींनी प्रत्येक मुलामागे चार ओळी लिहून पुढच्या शाळेला द्याव्यात: याला काय येतं, काय अडतं, घरी कोण बघतं. पालकांनी रजिस्टर उघडून स्वतःच्या मुलाचं नाव वाचावं. याला शासन निर्णय लागत नाही, निधी लागत नाही. दोन मुख्याध्यापक आणि एक शाळा व्यवस्थापन समिती मनावर घेतील तर यंदाच होईल. मशिदीच्या जमातीने आणि देवळाच्या कमिटीनेही यात हात घालावा. गाडीचा अर्ज दोघांच्या सह्यांनी गेला तर आगारात लवकर वाचला जातो.