खेळात खेळ उरायला हवा

मागच्या डिसेंबरात, गळीत हंगाम ऐन भरात असताना, सातवीच्या वर्गात एक उपक्रम घेतला. "आपल्या गावावर एक गेम तयार करा. मोबाइलवर नाही, कागदावर," एवढंच सांगितलं. आमचं वरकुटे उसाच्या पट्ट्यातलं. त्यामुळे एका मुलाने ट्रॅक्टरचा गेम काढला. शेतातून उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या कारखान्यावर पोहोचवायच्या. वाटेत चिखल, एक अरुंद मोरी, समोरून येणारी एसटी. जोरात हाकलं तर मोळ्या सांडणार, फार हळू गेलं तर ऊस वाळून वजन घटणार. मला तर फारच आवडला. घरातली मोठी माणसं रोज जो हिशेब करतात, तोच पोराने खेळात आणला होता.

तेवढ्यात शेजारच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, ह्यात ॲड कुठं यायची?"

वर्गात कुणी हसलं नाही. सगळ्यांना प्रश्न रास्तच वाटला. गेम करणाऱ्याने जरा विचार केला आणि म्हणाला, "मोरीपाशी. ट्रॉली पलटली की ॲड बघायची, मग ती परत उभी राहील." आणि पेन्सिल घेऊन त्याने ती मोरी आणखी अरुंद केली. का रे, असं विचारलं तर म्हणाला, "जास्त वेळा पलटाय पाहिजे ना सर!"

व्हिडिओ गेमच्या धंद्यात कल्पकता आणि कमाई यांची जी ओढाताण चालते, ती या पोराने दोन मिनिटांत करून दाखवली. गेम तोच, रस्ता तोच. पण पैसे कुठून येणार हे ठरल्याबरोबर मोरीची रुंदी बदलली.

आता कुणी म्हणेल, धंदा म्हटला की पैसा आलाच. खरंच आहे. नुसत्या कौतुकाने कुणाची चूल पेटत नाही. चित्र काढणारे, संगीत देणारे, प्रोग्रॅम लिहिणारे अशी अनेक माणसं एका गेमवर वर्षानुवर्षं खपतात. त्यांना पगार नको का? हवाच. म्हणून माझा आक्षेप पैसे घेण्याला नाही. पैसे कुठे आणि कसे घेतले जातात, यावर आहे.

आपल्याकडच्या जत्रेचंच बघा. तमाशाचा तंबू लागतो. दारावर तिकीट काढायचं, आत जायचं, आणि मग गण, गौळण, वग सगळं निवांत बघायचं. फडमालकालाही पैसे हवेच असतात, त्याच्यामागे मोठं बिऱ्हाड असतं. पण वग रंगात आला असताना पडदा पाडून "पुढचं बघायचं तर आणखी दहा रुपये काढा" असं तो म्हणत नाही. तिकीट दारावर फाडलेलं असल्यामुळे आत त्याचं सगळं लक्ष वग रंगवण्याकडे असतं. पुढच्या वर्षी गर्दी व्हायची तर यंदाचा वग चांगला व्हायलाच हवा.

मोबाइलवरच्या 'फुकट' गेमचं गणित उलटं आहे. दारावर तिकीट नाही, या आत! आणि आत गेल्यावर पडद्यामागून पडदे. पाच 'जीव' संपले की अर्धा तास थांबा, नाहीतर पैसे भरा, नाहीतर जाहिरात बघा. रोज हजेरी लावली तर बक्षीस, एक दिवस चुकला तर साखळी तुटली. बंद पेटी विकत घ्या, आत काय निघेल ते नशीब. खेळणाऱ्यांतले बहुतेक जण एक रुपयाही देत नाहीत; थोडे जण मात्र भरपूर देतात, आणि सगळा डोलारा त्या थोड्यांवर आणि जाहिरातींवर उभा असतो. मग गेम करणाऱ्या हुशार माणसांची बुद्धी कशात खर्च होते? खेळणारा नेमका कुठे अडला, कुठे चिडला, किती चिडला की पैसे भरतो आणि किती चिडला की गेम सोडून जातो, हे मोजण्यात. कल्पकता संपत नाही बरं का! ती मोरी अरुंद करण्याच्या कामाला लागते.

दुसरी वाट आहे का? आहे, आणि ती पाहायला फार लांब जायला नको. इथून पुण्याला सोलापूर रस्त्याने तीन तास लागतात. त्या पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्स नावाच्या छोट्या कंपनीने 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा गेम तयार केला. राक्षसांनी पळवलेल्या आपल्या भावाला, गोलूला, शोधायला निघालेली राजी नावाची मुलगी ही त्याची नायिका. आपल्या पुराणकथा, राजस्थानी वास्तू, सावल्यांच्या बाहुल्यांचा खेळ असं सगळं त्यात विणलेलं आहे. २०१७ मध्ये या मंडळींनी इंटरनेटवरून लोकवर्गणी मागितली, ती पुरी जमली नाही. तरी त्यांनी काम सोडलं नाही. गेम २०२० मध्ये बाहेर आला आणि त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स' या जागतिक पुरस्कारांत पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. गेम लहान आहे, शेवट घाईत झाला, अशी टीकाही झाली. असेल. पण एकदा विकत घेतला की राजी वाटेत हात पसरत नाही.

अमेरिकेतल्या एरिक बॅरोनचं उदाहरण तर आमच्या शेतकऱ्यांच्या पोरांना हटकून सांगावंसं वाटतं. या माणसाने चारेक वर्षं एकट्याने बसून शेतीचा गेम केला, 'स्टारड्यू व्हॅली'. चित्रं त्याची, संगीत त्याचं, प्रोग्रॅमही त्याचाच. खर्च भागवायला तो एका नाट्यगृहात प्रेक्षकांना जागा दाखवायचं काम करत होता. २०१६ मध्ये गेम आला आणि आजवर त्याच्या चार कोटींहून जास्त प्रती खपल्या आहेत. नंतरची मोठमोठी भर त्याने फुकट दिली. म्हणजे प्रामाणिकपणे दारावर तिकीट फाडूनही धंदा होतो.

एक मान्य करायला हवं. एकदाच विकायच्या गेमवरही बाजाराचा दाब असतोच. १९८२ च्या नाताळात विक्री साधायची म्हणून अटारी कंपनीने 'ई. टी.' या सिनेमावरचा गेम एकाच माणसाकडून पाचेक आठवड्यांत करून घेतला. गेम पडला. न खपलेला माल न्यू मेक्सिकोच्या एका गावातल्या कचरा डेपोत पुरला गेला. २०१४ मध्ये तो उकरून काढला, तेव्हा त्यात या गेमच्या कॅसेट निघाल्या. पण फरक बघा. तिथे वाईट गेमची शिक्षा कंपनीला झाली. अरुंद मोरीच्या गेममध्ये ती खेळणाऱ्या पोराला होते.

सरकारने काहीच केलं नाही असंही नाही. बेल्जियमने २०१८ मध्येच विकतच्या नशिबाच्या पेट्यांना जुगार ठरवलं. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा झाला आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आली. चांगलं झालं. पण कायदा जुगार थांबवेल. चांगला गेम कायद्याने जन्माला येत नाही. त्यासाठी गिऱ्हाईक लागतं. आणि आपण गिऱ्हाईक म्हणून कसे आहोत? पोराच्या हातात हजारोंचा मोबाइल देतो, पण त्यातला गेम फुकटचाच हवा. जत्रेत पाळण्याला पैसे मोजणारा बाप गेमला पैसे द्यायचे म्हटलं की दचकतो. आपली ही सवय राहिली तर पुण्यातल्या 'राजी'सारखं काही करणाऱ्यांनाही उद्या आपल्यासाठी अरुंद मोऱ्याच बांधाव्या लागतील.

पालकांना म्हणून एवढंच सांगणं आहे. मूल कोणता गेम खेळतंय, तो दहा मिनिटं स्वतः खेळून बघा. वाटेत कितीदा अडवतो, ते मोजा. दहा फुकट गेम काढून टाका आणि पोराबरोबर बसून एक चांगला विकत घ्या. शिक्षकांनी कधीतरी कागद-पेन्सिल देऊन गेम करायला सांगावं. जो स्वतः मोरी काढतो, त्याला दुसऱ्याने काढलेली मोरी लवकर ओळखू येते.

त्या दिवशी तास संपता संपता मी त्या मुलाला विचारलं, "समजा हा गेम एकदाच वीस रुपयांना विकला आणि आत एकही ॲड नाही, तर?" त्याने कागदाकडे बघितलं, खोडरबर घेतलं. "मग मोरी पहिल्यासारखीच करतो," तो म्हणाला, "आणि कारखान्यावर रात्रभर नंबर लागत नाही, तेव्हा ट्रॅक्टरवाले काय करतात, ते पण टाकतो."