डिश भिंतीवर नको, बागेत लावा

आमच्या बंगल्याच्या अंगावर आज पाच डिश आहेत. चालू एकच. बाकीच्या चार आधी राहून गेलेल्या साहेबांच्या. दोन गच्चीच्या कठड्यावर, एक मागच्या न्हाणीघराच्या भिंतीवर आणि एक पुढच्या व्हरांड्याच्या खांबावर, घराच्या अगदी कपाळावर. प्रत्येकीची केबल भिंतीवरून लोंबत येते आणि एका भोकातून आत शिरते. माणसं बदलून गेली, भोकं राहिली.

हे महू आहे. 1818 च्या मंदसौर तहानंतर इंग्रजांनी वसवलेली छावणी. सुभेदार रामजी सकपाळ इथे नोकरीला असताना 1891 मध्ये बाबासाहेबांचा जन्म झाला, म्हणून मराठी माणसाला हे गाव परकं नाही. फौजेत दूरसंचार शिकवणारं कॉलेजही याच गावात आहे. सिग्नल म्हणजे काय, तो कुठून येतो, कसा वाया जातो हे देशाच्या फौजेला जिथे शिकवतात, त्याच गावात टीव्हीची एक तार घरात नीट आणता येत नाही, याला काय म्हणायचं?

तक्रार फक्त महूची नाही. पठाणकोटपासून तेजपूरपर्यंत जिथे जिथे जुने बंगले आहेत, तिथे हेच दिसतं. 2003 साली देशात पहिली खासगी डीटीएच सेवा सुरू झाली, 2004 च्या डिसेंबरात दूरदर्शनची मोफत सेवा आली, आणि तेव्हापासून दर पोस्टिंगला एक नवं भोक, असा रिवाजच पडला आहे. माझं म्हणणं सरळ आहे. जुन्या घराच्या भिंतीवर आणि छपरावर डिशचं काही काम नाही. तिची जागा बागेत, खांबावर आहे. हे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, सोपं आहे आणि एकदा केलं की पुढची वीस वर्षं पुरतं. तरीही होत नाही, त्याचं कारण तंत्रात नाही, आपल्या सवयीत आहे.

आधी घर समजून घ्या. या बंगल्यांच्या भिंती दीड-दोन फूट जाड, विटांच्या, पण सिमेंटात नव्हे, चुन्यात बांधलेल्या. छप्पर म्हणजे लोखंडी तुळयांच्या मधे विटांच्या बुटक्या कमानी आणि वर चुन्याचा कोबा. चुन्याची भिंत ओलावा शोषते आणि सोडते, म्हणून ती शंभर वर्षं टिकते. तिला दोन गोष्टी सोसत नाहीत. एक म्हणजे हातोड्याचे दणके देणारं ड्रिल, आणि दुसरी म्हणजे आत गेलेलं पाणी बाहेर येण्याची वाट बंद होणं. आपण दोन्ही करतो. आधी ड्रिल मारतो, मग भोकाच्या तोंडावर सिमेंट थापतो. सिमेंट कडक, चुना मऊ. वर्षभरात दोघांच्या मधे केसाएवढी फट पडते. पाणी तिथून आत जातं आणि बाहेर यायला सिमेंट आडवं येतं. मग आतल्या भिंतीला पोपडे येतात, आणि आपण म्हणतो, जुनं घर आहे, ओल येणारच.

डिश भिंतीला ज्या एक्स्पान्शन बोल्टने लावतात, तोही काँक्रीटसाठी असतो. मऊ विटेत तो फुगला की वीट चिरते. साठ सेंटिमीटरची डिश वाऱ्यात शिडासारखी वागते. जूनच्या वादळात ती हलते, बोल्ट ढिला होतो, आणि हलणाऱ्या बोल्टाभोवती भोक रुंदावत जातं. चित्र अडखळायला लागतं. मग फिटर येतो, वीतभर बाजूला नवं भोक पाडतो आणि म्हणतो, “साहब, दो मिनट का काम है.” त्याचा मी राग धरत नाही. त्याला दिवसात इतक्या घरी जायचं असतं की दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ त्याच्याकडे खरंच नसतो. त्याच्या पिशवीत ठराविक लांबीची केबल असते. ती पुरावी म्हणून तो टीव्हीच्या सर्वांत जवळची भिंत निवडतो. पण घर त्याचं नाही. ज्याच्या ताब्यात घर दिलेलं आहे, तो शेजारी चहाचा कप घेऊन उभा असतो आणि काही बोलत नाही.

आता भूमिती. फौजी माणसाला बेअरिंग समजावून सांगायला नको. उपग्रह विषुववृत्तावर सुमारे 35,786 किलोमीटर उंचीवर उभा असतो, म्हणून भारतातून तो दक्षिणेच्या अंगाला दिसतो. 83 अंश पूर्व रेखांशावरचा उपग्रह महूहून साधारण 162 अंश बेअरिंगवर आहे. दूरदर्शनची मोफत सेवा 93.5 अंशांवरून येते, ती साधारण 140 वर. 108.2 अंशांवरचा उपग्रह 121 वर. तेजपूरला गेलात तर तोच 83 अंशांचा उपग्रह दक्षिणेच्या पश्चिमेला, 201 च्या आसपास सरकतो.

पण बेअरिंगपेक्षा महत्त्वाचा आकडा क्षितिजापासूनच्या उंचीचा आहे, आणि तो कोणी विचारतच नाही. महूहून हे तीन उपग्रह अनुक्रमे साधारण 62, 57 आणि 45 अंश उंचीवर दिसतात. म्हणजे सिग्नल आडवा येत नाही, जवळजवळ डोक्यावरून उतरतो. युरोपच्या उत्तरेला उपग्रह क्षितिजाला टेकलेला असतो, म्हणून तिथे डिश उंच चढवावी लागते. आपल्याकडे ती सक्ती नाही. 62 अंशांच्या उपग्रहासाठी, डिशपेक्षा दहा मीटर उंच झाड साडेपाच मीटरवर असलं तरी आड येत नाही. 45 अंशांसाठी तेच झाड दहा मीटरवर असावं लागतं. फांद्या पसरलेल्या असतील तर अंतर फांदीच्या टोकापासून मोजा, खोडापासून नको. छावणीतल्या बंगल्याच्या आवारात एवढी मोकळी जागा सापडत नसेल, तर ते आवार मला दाखवाच.

म्हणजे गच्चीवर चढायचं कारण उरत नाही. आणि गच्चीवर चढतो तो कोण? वीस-बावीस वर्षांचा पोरगा, एका हातात डिश, पायात चप्पल, शेवाळलेल्या कठड्यावर. आपण जवानाला दहा फूट उंचीवर दोराशिवाय चढू देत नाही. या पोराला मात्र पावसाळ्यात कौलांवर चढवतो आणि खालून ओरडतो, “अजून थोडं डावीकडे!”

मग करायचं काय, तेही सांगतो. बागेच्या मोकळ्या कोपऱ्यात दोन इंची जीआय पाइपचा खांब काँक्रीटमध्ये उभा करा. डोक्याएवढी उंची पुरे. माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा खड्डा खोल घ्या, तळाशी मुरूम ठोका आणि खांब ओळंब्यात उभा करा. खांब तिरका असेल तर डिश कधीच नीट लागत नाही. खांबापासून घरापर्यंत जमिनीखालून दीड इंची पीव्हीसी पाइप टाका, त्यात ओढणीची दोरी ठेवा. पाइप भिंतीत शिरतो तिथे एकच भोक, तेही जोत्याच्या वर, बाहेरच्या बाजूला उतार देऊन. वीट न फोडता सांध्यातला चुना कोरून ते करता येतं. पाइपभोवती पुन्हा चुनाच भरायचा, सिमेंट नाही. आत शक्य तिथे कौलाखालून किंवा छताच्या कडेने केबल न्या. विजेच्या जुन्या लाकडी पट्टीत ती कोंबू नका. विजेच्या तारेपासून वीतभर अंतर ठेवा, आणि ओलांडायची वेळ आलीच तर काटकोनात ओलांडा.

“एवढी लांब केबल टाकली तर सिग्नल पोचेल का?” हा प्रश्न हमखास येतो. आरजी-6 केबलमध्ये वरच्या फ्रिक्वेन्सीला शंभर मीटरला साधारण तीस डेसिबल घट होते. पंचवीस मीटरला सात-आठ. एलएनबी सिग्नल त्याच्या कितीतरी पट वाढवून पाठवतो, त्यामुळे पंचवीस-तीस मीटरला घाबरण्याचं कारण नाही. फक्त केबल तांब्याच्या गाभ्याची घ्या. एलएनबीला वीजही त्याच तारेतून जाते, आणि तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादी तारेत ती वाटेत जास्त खर्च होते. खरं नुकसान लांबीने होत नाही. ते खिळ्याने चेपलेल्या केबलने, हाताने पिळून जोडलेल्या तारांनी आणि उघड्या कनेक्टरमधून जाळीत झिरपलेल्या पाण्याने होतं. कनेक्टर दाबून बसवलेला असावा, त्यावर पाणी अडवणारी टेप असावी, आणि कनेक्टरच्या आधी केबलला खाली झोल असावा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जातं. जोरदार पावसात चित्र जाणारच, कारण केयू बँडचा सिग्नल पाऊस खातो. पण चार थेंबांत जात असेल, तर दोष ढगांचा नाही, जोडणीचा आहे.

दोन खोल्यांत दोन टीव्ही असतील तर बाजारातला केबल टीव्हीचा स्प्लिटर लावू नका. प्रत्येक बॉक्स 13 किंवा 18 व्होल्ट पाठवून एलएनबीला सांगतो की कोणतं ध्रुवीकरण हवं. दोन बॉक्स एका तारेवरून दोन वेगळे हुकूम देऊ लागले तर काय होतं, हे दोन कमांडरांच्या हाताखाली काम केलेल्या कोणालाही विचारा. त्यासाठी दोन तोंडांचा एलएनबी किंवा मल्टिस्विच घ्या आणि पाइपमधून दोन केबली ओढा.

अर्थिंगची बातच कोणी करत नाही. खांबाला अर्थ रॉड द्या आणि तो घराच्या मुख्य अर्थिंगला जोडा. दोन अर्थ वेगळे ठेवले, तर जवळपास वीज पडल्यावर त्यांच्यातला फरक केबलमधून, म्हणजे तुमच्या टीव्हीतून वाट काढतो. थेट वीज पडली तर कोणतंच अर्थिंग हमी देत नाही, म्हणून गडगडाट सुरू झाला की केबल आणि प्लग काढून ठेवणं हे आलंच.

आता आक्षेप. पहिला आक्षेप असा, की टीव्ही कोण बघतं हल्ली, सगळं मोबाइलवर आहे. दिल्ली-पुण्यात असेल. ज्या स्टेशनांत नेटवर्कची एक काडी यायला मुश्कील, तिथे नवरा फील्डवर असताना घरी राहिलेल्या बाईला आणि म्हाताऱ्या सासूला संध्याकाळी मराठी मालिका आणि बातम्या हीच सोबत असते. शिवाय उद्या फायबर आला तर त्यालाही घरात शिरायला वाट लागेल. पाइप असेल तर तोही त्यातूनच येईल, नाहीतर सहावं भोक पडेल.

दुसरा आक्षेप, की कंपनी बदलली तर डिशही बदलते. खरं आहे. सेट टॉप बॉक्स कोणत्याही कंपनीला चालावा अशी शिफारस ट्रायने 2020 मध्ये केली, पण घरांवरच्या डिश अजून वाढतच आहेत. म्हणूनच तर खांब हवा. खांबावरची डिश बदलायला एक पाना पुरतो, भिंतीला धक्का लागत नाही.

तिसरा आक्षेप खरा आहे आणि तो कोणी मोठ्याने बोलत नाही. “मी तर इथे दोन वर्षांसाठी आहे.” हीच सगळ्या रोगाची मुळी. क्वार्टर सोडताना आपण फुटकी काच मोजतो, नळाची तोटी मोजतो, बॅरॅक डॅमेजच्या रुपया-रुपयावरून हुज्जत घालतो. भिंतीतलं भोक त्या यादीत येत नाही. युनिटमध्ये आपण असं वागतो का? चार्ज देताना गाडी चालू हालतीत देतो, कोतातलं हत्यार तेल लावून देतो. पुढच्याला त्रास होऊ नये म्हणून हँडिंग-टेकिंगची पानंच्या पानं लिहितो. मग घराने काय घोडं मारलं आहे? जे घर आपल्या आधी किती पिढ्यांनी वापरलं आणि आपल्या नंतर किती पिढ्या वापरणार आहेत, त्याच्यापुढे आपली दोन वर्षं म्हणजे किती?

निवृत्त मंडळींनाही एक सांगायचं आहे. तुमच्यापैकी कित्येकांची घरं साताऱ्या-सांगलीकडे जुन्या वाड्यांत आहेत. पांढऱ्या मातीच्या भिंती, सागवानी खांब, कौलं किंवा माळवद. ती भिंत चुन्याहूनही नाजूक, आणि माळवदाला भोक पडलं की ते लिंपायला जाणता माणूस आता मिळत नाही. तिथे दोन वर्षांची सबबही चालत नाही, घर तुमचंच आहे. परसात गोठ्याशेजारी खांब उभा करा आणि वाड्याची भिंत तिच्या जागी राहू द्या.

ज्यांचं यंदा पोस्टिंग आहे, त्यांनी नव्या क्वार्टरमध्ये सामान उतरवण्याआधी रीतसर परवानगीचा अर्ज करावा, खांब आणि पाइप घालून घ्यावा, भिंतीवरच्या मेलेल्या डिश उतरवाव्यात आणि भोकं चुन्याने बुजवावीत. पाइप कुठून कुठे गेला आहे, किती खोल आहे, त्याचं एक रेखाचित्र मीटरच्या फळीमागे चिकटवून ठेवा. आमच्या आवारात हे काम पुढच्या महिन्यात सुरू होतं आहे. चार जुन्या डिश भंगारात जाणार आहेत, आणि रेखाचित्राची एक प्रत हँडिंग-टेकिंगच्या फाइलला लागणार आहे.