ख्रिस्ती वारसा नेमका कोणाचा?

२० जून २०१८ रोजी हंगेरीच्या संसदेने घटनादुरुस्ती केली आणि देशाच्या ख्रिस्ती संस्कृतीचं रक्षण हे प्रत्येक सरकारी यंत्रणेचं कर्तव्य ठरवलं. त्याच दिवशी आणखी एक कायदा मंजूर झाला. बेकायदा स्थलांतराला हातभार या नावाखाली, आश्रय मागणाऱ्यांना अर्जासाठी मदत करणारेही तुरुंगात जाऊ शकतील अशी त्यात तरतूद होती.

पाश्चात्त्य मूल्यं ख्रिस्ती धर्माने किती घडवली, हा वाद आता विद्वानांपुरता राहिलेला नाही तो यामुळे. दुबळ्याचंही मोल बलवानाइतकंच, ही जाणीव प्राचीन रोमची नव्हे, ती क्रुसावरच्या येशूकडून आली, असं इतिहासकार टॉम हॉलंड ‘डोमिनियन’ (२०१९) या ग्रंथात हिरिरीने मांडतात. दुसरा पक्ष म्हणतो, हक्क मिळाले ते चर्चशी झुंजूनच.

मला विचाराल तर आधी कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटाकडे पाहावं. मळेवाला क्रिस्टोफर कॉड्रिंग्टन १७१० मध्ये वारला आणि त्याचे उसाचे मळे, गुलामांसकट, मृत्युपत्राने चर्च ऑफ इंग्लंडच्या धर्मप्रसारक संस्थेकडे आले. तिथल्या गुलामांच्या छातीवर तापल्या लोखंडाने ‘सोसायटी’, म्हणजे ‘संस्था’, असा डाग दिला जाई. १८३३ च्या कायद्याने गुलामी संपवली, तेव्हा सरकारी भरपाई या संस्थेला मिळाली. ज्यांची कातडी भाजली, त्यांना छदामही नाही.

आणि याच गुलामीविरुद्ध १६८८ मध्येच पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाऊनच्या चौघांनी निषेधपत्र लिहिलं होतं, तेही येशूच्याच शिकवणीवर बोट ठेवून: आपल्याशी जसं वागलेलं आवडेल, तसंच दुसऱ्याशी वागा. १७८७ मध्ये लंडनला गुलामांच्या व्यापाराविरुद्ध समिती उभी राहिली. तिच्या बारा संस्थापकांपैकी नऊ जण क्वेकर होते, म्हणजे ज्यांना अधिकृत चर्चने कधी आपलं मानलं नाही असे.

डाग देणाऱ्यांचं बायबल तेच आणि या माणसांचंही तेच. म्हणून सरसकट ‘ख्रिस्ती धर्मा’ला श्रेय देणं मला अन्यायाचं वाटतं, आणि या माणसांची श्रद्धा वजा करून त्यांचा लढा सांगणंही तितकंच खोटं.

हा वारसा श्रद्धेबाहेरच्यांपर्यंतही पोहोचला. इंग्रज विचारवंत थॉमस पेनने बायबलची चिरफाड केली, पण आपल्यावरचे क्वेकर वडिलांचे संस्कार त्याने नाकारले नाहीत. हाच पेन वाचून जोतीराव फुले घडले. ते मिशनच्या शाळेत शिकले, धर्मांतर मात्र केलं नाही. १८७३ मध्ये त्यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला तो ना कुठल्या चर्चला, ना पंथाला. गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना.