विश्वासाला गेलेले तडे

आज बारा जुलै. पुण्यातील जुन्या माणसांना या तारखेची आठवण करून द्यावी लागत नाही. १९६१ साली याच दिवशी सकाळी पानशेतचे मातीचे धरण फुटले, त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याच्या जुन्या दगडी धरणाचाही टिकाव लागला नाही आणि मुठेकाठच्या पेठा बघता बघता पाण्याखाली गेल्या. धरण वाचावे म्हणून लष्कराचे जवान तेथे वाळूची पोती रचत होते. म्हणजे संकट दाराशी आले आहे, हे काही लोकांना ठाऊक होते. शहर मात्र नित्याप्रमाणे उठून आपापल्या कामाला लागले होते. स्पष्ट, अधिकृत आणि वेळेवर असा इशारा बहुसंख्य नागरिकांपर्यंत पोहोचलाच नाही. पुढे चौकशी आयोग नेमला गेला, न्या. बावडेकर यांच्या निधनानंतर ते काम न्या. नाईक यांच्याकडे आले, अहवालही झाला. धरणे पुन्हा उभी राहिली, शहर पुन्हा वसले. परंतु ‘ज्यांना ठाऊक आहे ते आपल्याला वेळीच सांगतील’ हा सामान्य माणसाचा जो भरवसा त्या पाण्यात वाहून गेला, तो मात्र पुरता परत आलेला नाही.

सहा दशकांहून अधिक काळ लोटल्यावर ही जखम आज पहिल्या पानावर उघडी करण्याचे कारण केवळ स्मरणाचे नाही. धरण असो की पूल, अणुभट्टी असो की डोंगर पोखरून काढावयाचा रस्ता, खिशातला दूरध्वनी असो की राष्ट्राच्या सुरक्षिततेचा प्रश्न, सरकारने ‘काळजीचे कारण नाही’ असे म्हटले की ऐकणाऱ्याला नेमकी त्याच क्षणी काळजी वाटू लागते, अशी अवस्था आपल्याकडे आली आहे. अधिकारी वर्ग याचा दोष लोकांच्या माथी मारतो. लोक अडाणी आहेत, अफवांना बळी पडतात, त्यांना विकास नको आहे, हे पालुपद आम्ही अनेक वर्षे ऐकत आहोत. हे निदान आम्हांस मुळातच चुकीचे वाटते.

आपला समाज स्वभावतः संशयी नाही. रात्री एस.टी.त बसून निर्धास्त झोपी जाणारा प्रवासी चालकाला ओळखत नसतो आणि वाटेतील पुलाचे खांबही त्याने तपासलेले नसतात. नळाचे पाणी पिताना गृहिणी प्रयोगशाळेचा दाखला मागत नाही. अनोळखी माणसांच्या सचोटीवर आणि कौशल्यावर विसंबल्याखेरीज शहरातील एक दिवसही पार पडणार नाही. हा विश्वास लोक रोज, विनातक्रार आणि उधार देत असतात. प्रश्न आहे तो ही उधारी बुडवली कोणी, हा.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिश अमदानीतला पूल पुरात कोसळला आणि दोन एस.टी. गाड्या व इतर वाहने प्रवाशांसह वाहून गेली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्या पुलाची पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीस योग्य ठरवण्यात आला होता! १४ मार्च २०१९ रोजी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा पादचारी पूल ऐन संध्याकाळच्या गर्दीत खाली आला. तोही तपासणीत किरकोळ दुरुस्तीवर ‘योग्य’ ठरलेलाच होता. त्याच वर्षी २ जुलैच्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले आणि सुमारे वीस माणसे दगावली. गळतीच्या तक्रारी ग्रामस्थांनी आधीच केल्या होत्या. त्यावर राज्याच्या तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी धरणफुटीचे खापर खेकड्यांवर फोडले. ज्यांच्या घरातली माणसे गेली, त्यांनी यापुढे कोणत्या दाखल्यावर विश्वास ठेवावा? आणि यात आमच्या अभियंत्यांची अक्कल तोकडी पडली असेही नाही. सावित्रीवरचा नवा पूल वर्ष उलटण्याच्या आत, जून २०१७ मध्ये, वाहतुकीस खुला झाला. उणीव ज्ञानाची किंवा पैशाची नव्हती. कागदावर सही करण्यापूर्वी खाली वाकून पाहण्याची होती.

याहूनही बोधप्रद कथा पश्चिम घाटाच्या अहवालाची आहे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०१० मध्ये प्रा. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमली. समितीने ऑगस्ट २०११ च्या अखेरीस आपला अहवाल दिला आणि मंत्रालयाने तो आपल्या कपाटात ठेवून दिला. सरकारी खर्चाने, सरकारनेच नेमलेल्या तज्ज्ञांनी लिहिलेला अहवाल पाहावयास मिळावा म्हणून नागरिकांना माहितीच्या अधिकाराचे दार ठोठवावे लागले. केंद्रीय माहिती आयोगाने एप्रिल २०१२ मध्ये तो उघड करण्याचा आदेश दिला, तर मंत्रालय त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने दाद दिली नाही, तेव्हा कोठे मे २०१२ मध्ये अहवाल लोकांसमोर आला.

मधल्या नऊ महिन्यांत आणि त्यानंतरही काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. घाटाचे संवेदनशीलतेनुसार भाग पाडावेत, परंतु अंतिम निर्णय वरून न लादता ग्रामसभांच्या विचाराने घ्यावा, असा त्या अहवालाचा रोख होता. मात्र तो ज्यांच्याविषयी होता त्यांच्या हाती तो त्यांच्या भाषेत पडलाच नाही. मोकळी राहिलेली जागा अफवांनी भरून काढली. घरे बांधता येणार नाहीत, शेती सोडावी लागेल, गावे उठवली जातील, असे सांगत ज्यांचे हितसंबंध खाणीत आणि दगडफोडीत गुंतलेले होते ते गावोगाव फिरले. ज्या लोकांच्या हाती निर्णय द्यावा असे अहवाल म्हणत होता, तेच लोक अहवालाविरुद्ध उभे राहिले. मग डॉ. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा गट आला, २०१३ मध्ये दुसरा अहवाल झाला, २०१४ पासून अधिसूचनांचे मसुदे निघत राहिले. सहावा मसुदा निघाला तो ३१ जुलै २०२४ रोजी, वायनाडमधील दरडींनी शेकडो बळी घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी. त्याआधी २०१४ मध्ये माळीण आणि २०२३ मध्ये इरशाळवाडी ही आपली गावे गाडली गेली होती. इरशाळवाडीचे नाव तर दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीतच नव्हते. एखादा अहवाल वेळीच उघड झाला असता तर ही गावे वाचली असती, असा दावा आम्ही करणार नाही. तो प्रामाणिक ठरणार नाही. परंतु डोंगराविषयी लोकांशी मोकळेपणाने बोलण्याची एक दुर्मीळ संधी सरकारने स्वतःच्या हाताने घालवली, एवढे निश्चित.

गुणपत्रिका दप्तरात दडवणाऱ्या मुलाचे गुण कमीच असतील, असे कोणताही बाप धरून चालतो. सरकारच्या बाबतीत लोक असेच अनुमान काढत असतील, तर त्यांना अडाणी कसे म्हणावे?

भाषेचा मुद्दा गौण मानला जातो, तोही तसा नाही. पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यांकनाविषयीच्या नव्या नियमांचा मसुदा २०२० मध्ये निघाला तो इंग्रजीत आणि हिंदीत. तो राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत उपलब्ध करा, असे दिल्ली उच्च न्यायालयाने त्या वर्षी ३० जून रोजी सांगितले. तर भाषांतराला बसण्याऐवजी केंद्र सरकार त्या आदेशाविरुद्ध न्यायालयातच भांडत राहिले. ज्या गावची जमीन जावयाची त्या गावाला कळेल अशा भाषेत बोलायचे नाही आणि नंतर गावाने विरोध केला की त्याला विज्ञानविरोधी ठरवावयाचे, ही रीत न्यायाची नव्हे. जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पाभोवती जे घडले आणि १८ एप्रिल २०११ रोजी साखरीनाटे येथे गोळीबारात एका तरुणाचा बळी जाण्यापर्यंत जे चिघळले, त्याच्या मुळाशी केवळ किरणोत्साराचे भय नव्हते. प्रकल्प उभारणारे आणि त्याच्या सुरक्षिततेची ग्वाही देणारे एकाच घरचे आहेत, हा संशयही होता. तो निराधार नव्हता. अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये शासकीय आदेशाने स्थापन झाले आणि त्याच्या स्वायत्ततेतील उणिवांवर खुद्द भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१२ च्या अहवालात बोट ठेवले होते.

राष्ट्राच्या सुरक्षिततेचे क्षेत्र वेगळे आहे, हे आम्हांस मान्य आहे. सेनादलांच्या हालचाली चव्हाट्यावर सांगावयाच्या नसतात, हे कळण्याइतका आमचा वाचक सुबुद्ध आहे. पण गोपनीयतेची ढाल सीमेच्या रक्षणासाठी असते. अडचणीच्या प्रश्नापुढे धरण्यासाठी नव्हे. २०२१ मध्ये पत्रकार व राजकीय नेते यांच्या दूरध्वनींवर पेगासस या इस्रायली प्रणालीने पाळत ठेवल्याचा आरोप झाला. सुरक्षिततेचे नाव घेतले की दर वेळी सुटका होणार नाही, असे बजावून सर्वोच्च न्यायालयाने २७ ऑक्टोबर २०२१ रोजी तांत्रिक समिती नेमली. समितीने २९ दूरध्वनी तपासले. पाचांत घातक प्रणालीचा अंश आढळला, तो पेगाससचाच होता असे सिद्ध झाले नाही आणि सरकारने सहकार्य केले नाही, हे ऑगस्ट २०२२ मध्ये समितीच्या हवाल्याने न्यायालयात सांगितले गेले. सरकार निर्दोष असेल तर त्याने स्वतःची सुटका करून घेतली नाही. दोषी असेल तर त्याला कोणी जाब विचारू शकले नाही. नागरिकाच्या पदरी उरला तो निव्वळ संशय.

या संशयाची किंमत शेवटी सरकार देत नाही, समाज देतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेने पिसाळलेल्या जमावाने भिक्षेकरी समाजातील पाच निरपराध माणसांना ठेचून मारले. ही अफवा दूरध्वनीच्या पडद्यावरून हातोहात पसरली होती. त्या क्रौर्याला कोणतेही समर्थन नाही आणि त्याची जबाबदारी मारणाऱ्यांचीच आहे. पण जेथे अधिकृत शब्दाला वजन उरत नाही तेथे अनधिकृत शब्द माणसे मारू लागतो, हा धडाही त्यात आहे. संस्थांवरचा अविश्वास माणसाला चिकित्सक बनवतोच असे नाही; पुष्कळदा तो त्याला केवळ दुसऱ्या कोणाचा तरी अंधभक्त बनवतो.

गेलेला विश्वास परत मिळतच नाही काय? मिळतो. ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसे मेली. चौदा वर्षांनी, ऑक्टोबर २०१३ मध्ये, ‘फायलिन’ हे तसेच भयंकर वादळ त्याच किनाऱ्यावर आले, तेव्हा सुमारे दहा लाख लोकांना आधीच हलवण्यात आले आणि मृतांचा आकडा दोन अंकी राहिला. घरदार सोडून निघा म्हटल्यावर लाखो माणसे निघतात, ती पोलिसांच्या दंडुक्याला भिऊन नव्हे. हवामान खात्याचा इशारा खरा ठरतो, निवारा खरोखरच बांधलेला असतो आणि गावातला ओळखीचा माणूस दारावर येऊन सांगतो, हा अनुभव त्यांनी मधल्या वर्षांत घेतलेला होता.

तेव्हा उपाय गूढ नाहीत. लोकांच्या जीविताशी संबंधित असा प्रत्येक तज्ज्ञ अहवाल ठरावीक मुदतीत, मराठीत आणि संपूर्ण प्रसिद्ध झाला पाहिजे. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा न मागता माहिती देण्याचे कर्तव्य शासनावर टाकतो, हे शासनानेच विसरू नये. बांधणाऱ्याने स्वतःच्या कामाला प्रमाणपत्र देण्याची प्रथा बंद व्हावी. प्रत्येक पुलावर आणि धरणावर शेवटच्या तपासणीची तारीख व तपासणाऱ्याचे नाव ठळक लिहावे. नाव लिहिले जाणार म्हटल्यावर माणूस आपोआप खाली वाकून पाहतो. चौकशी आयोगाच्या अहवालावर काय केले, हे वर्षाच्या आत विधिमंडळात सांगण्याचे बंधन असावे. आणि सुरक्षिततेच्या नावाखाली जे उघड करता येत नाही, ते निदान न्यायालयापुढे बंद दाराआड तरी मांडलेच पाहिजे.

वृत्तपत्रांनीही आपले पाप कबूल करावे. पूल पडला की आठ दिवस आम्ही मथळे देतो; नवव्या दिवशी चौकशीचे काय झाले हे विचारावयास आमच्यापैकी कितीजण जातात? आणि वाचकांनीही, आलेला प्रत्येक संदेश पुढे ढकलण्यापूर्वी, आपण अधिकाऱ्यांकडून ज्या सचोटीची अपेक्षा करतो ती स्वतः पाळतो का, हे पाहावे.

पावसाळा सुरू आहे. धरणे भरत आहेत. उद्या एखाद्या रात्री नदीकाठच्या वस्तीत जाऊन ‘घरे सोडा’ असे सांगण्याची पाळी प्रशासनावर येईल, तेव्हा लोकांनी त्या शब्दावर उठून निघावे असे वाटत असेल, तर आज, कोरड्या जमिनीवर उभे असतानाच, त्यांच्याशी खरे बोलले पाहिजे. पाणी वाढू लागल्यावर विश्वास कमावता येत नाही.